चाळिशीतला ताप आणि लसीचा हिशेब

मृगाच्या सरी स्थिरावल्या आणि रोपे उपटण्याजोगी झाली की मुळशी खोऱ्यात आवणीची घाई सुरू होते. त्या पंधरा-वीस दिवसांत घरातल्या प्रत्येक धडधाकट माणसाला चिखलात वाकावे लागते. नेमक्या त्याच दिवसांत घराघरांतून खोकल्याचे आवाज येऊ लागतात. 'पावसाचा ताप आहे, चार दिवसांत उतरेल' असे म्हणून कर्ता माणूस एखादी गोळी घेतो आणि पुन्हा खाचरात उतरतो. बहुतेकांचा ताप खरोखरच उतरतो. ज्याचा उतरत नाही, त्याला आधी पौडच्या ग्रामीण रुग्णालयात आणि तेथून पुण्याच्या एखाद्या इस्पितळात हलवावे लागते. मग त्या घराचे ते वर्ष, कधीकधी पुढची तीन-चार वर्षेही, त्या एका तापाची फेड करण्यात जातात.

याच मुळशी तालुक्याच्या पूर्व टोकाला हिंजवडी-माणची माहिती तंत्रज्ञान नगरी आहे. तेथील काही कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांसाठी फ्लूच्या लसीची शिबिरे भरवतात. ज्यांची कंपनी भरवत नाही, ते आपल्या डॉक्टरकडे जाऊन दीड-दोन हजार रुपये मोजतात आणि लस टोचून घेतात. खोऱ्याच्या पश्चिमेला, धरणापलीकडच्या वाड्यांत, अशी काही लस असते हेही अनेकांना ठाऊक नाही. एकाच तालुक्यात, एकाच पावसात, एकाच विषाणूपुढे उभी असलेली ही दोन माणसे पाहिली की एक प्रश्न साहजिकच मनात येतो. चाळिशी ते साठीच्या माणसांना फ्लूची लस दरवर्षी सरकारी खर्चाने, नेहमीच्या लसीकरणाचा भाग म्हणून द्यावी काय? आणि दिली, तर त्या पैशांचा मोबदला समाजाच्या पदरात पडेल काय?

लस म्हटली की एका बाजूला आंधळा उत्साह आणि दुसऱ्या बाजूला आंधळा संशय, अशी आपल्याकडे पद्धत पडली आहे. दोन्ही बाजूंना हिशेबाचे वावडे आहे. आम्हांला मात्र हा प्रश्न पाटी-पेन्सिल घेऊन बसण्याचा वाटतो.

इन्फ्लुएन्झाला महाराष्ट्र काही नवखा नाही. १९१८ च्या जून महिन्यात ही साथ मुंबई बंदरात उतरली आणि त्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात तिने मुंबई इलाखा अक्षरशः झोडपून काढला. एकट्या इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे दगावली. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. जनगणनेच्या इतिहासातले असे ते एकमेव दशक. त्या साथीने म्हाताऱ्यांना आणि तान्ह्यांना तर नेलेच, पण वीस ते चाळीस वयाच्या कमावत्या माणसांना विशेष वेचून नेले. नव्वद वर्षांनी, ३ ऑगस्ट २००९ रोजी, स्वाइन फ्लूचा देशातील पहिला बळी पुण्यात गेला. ती अवघ्या चौदा वर्षांची शाळकरी मुलगी होती. नायडू रुग्णालयाबाहेरच्या रांगा, तोंडाला बांधलेले रुमाल, बंद ठेवलेल्या शाळा आणि चित्रपटगृहे हे सारे पुणेकरांच्या स्मरणात आहे. त्या साथीत जगभर जे दगावले, त्यांतील सुमारे ८० टक्के लोक ६५ वर्षांखालचे होते, असा अंदाज पुढे मांडला गेला. २०१५ मध्ये देशात स्वाइन फ्लूने २,९९० आणि २०१७ मध्ये २,२७० मृत्यू नोंदले गेले. दोन्ही वर्षी महाराष्ट्राचा वाटा मोठा होता.

हे झाले प्रयोगशाळेत सिद्ध झालेले, सरकारी दप्तरात चढलेले मृत्यू. घशाचा नमुना न घेताच ज्याला 'न्यूमोनिया' किंवा 'हृदयक्रिया बंद पडली' असा दाखला मिळतो, तो या आकड्यांत येत नाही. २०१० ते २०१३ या काळातील नोंदींवरून संशोधकांनी केलेला आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज असा की, इन्फ्लुएन्झामुळे होणाऱ्या श्वसनविकारांनी भारतात वर्षाला सरासरी सव्वा लाखांहून अधिक माणसे मरतात. दप्तरातले दोन-तीन हजार आणि अंदाजातले सव्वा लाख यांच्यातील दरीतच आपल्या सार्वजनिक आरोग्याची खरी अवस्था दिसते. ज्या रोगाचे बळी मोजले जात नाहीत, त्याच्या लसीला अंदाजपत्रकात जागा मिळत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या नजरेतून निसटते. फ्लू हा हिवाळ्याचा आजार, ही समजूत आपण थंड देशांच्या पुस्तकांतून उचलली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने देशभरच्या केंद्रांतून नमुने तपासून जे दाखवून दिले ते निराळेच आहे. श्रीनगरसारखे अपवाद सोडले तर भारताच्या बहुतेक भागांत फ्लूचा जोर पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर या काळात असतो. लसीचे संरक्षण काही महिन्यांत ओसरू लागते. म्हणजे युरोपाच्या वेळापत्रकाप्रमाणे ऑक्टोबरात लस टोचली, तर पुढचा पाऊस येईपर्यंत तिची धार बोथट झालेली असायची. आपल्यासाठी लसीचे दिवस एप्रिल-मे हेच आहेत. पेरणीआधी बियाणे घरात असावे लागते, तसेच हे आहे.

आता परदेशी अनुभवाकडे वळू, कारण मध्यमवयीनांना सरसकट लस देण्याची कल्पना तिकडूनच आली. अमेरिकेने २००० साली शिफारशीची वयोमर्यादा ६५ वरून ५० वर आणली आणि २०१० पासून सहा महिन्यांवरील प्रत्येकालाच लस घेण्यास सांगितले. इंग्लंडची वाटचाल अधिक बोधप्रद आहे. तेथे सरकारी खर्चाने दिली जाणारी प्रत्येक लस हिशेबाच्या चाळणीतून जाते. कोविडच्या काळात दुहेरी संकट नको म्हणून तेथे २०२०-२१ मध्ये ५० ते ६४ वर्षांच्या सर्वांना फ्लूची लस मोफत देऊ केली गेली. तीन हंगाम ती चालली आणि २०२३-२४ पासून निरोगी मध्यमवयीनांसाठी बंद झाली. मधुमेह, दमा, हृदयविकार असलेल्यांना मात्र ती पूर्वीप्रमाणेच मिळत राहिली. तुलनेने कितीतरी श्रीमंत देशाने दिलेली सवलत मागे घेतली आणि ती घेताना कोणाला ठेवायचे व कोणाला वगळायचे याची रेषा वयावर न आखता आजारावर आखली, हे आपण ध्यानात घ्यावे.

ही रेषा तेथे का पडते, हे समजण्यासाठी फार मोठ्या गणिताची गरज नाही. पुढील उदाहरणातले आकडे कोणत्या पाहणीतले नाहीत. केवळ हिशेबाची रीत कळावी म्हणून आम्ही गृहीत धरलेले आहेत. समजा, पंचेचाळीस ते साठ वयाची हजार माणसे आहेत. पावसाळ्यात त्यांतील पन्नास जणांना अंथरूण धरायला लावणारा फ्लू होतो. लसीने त्यांतील निम्मे, म्हणजे पंचवीस जण वाचतात. (लस त्या वर्षीच्या विषाणूशी चांगली जुळली तर तिची परिणामकारकता ४० ते ६० टक्के असते, न जुळल्यास त्याहून कमी.) एका आजारपणात बुडालेली मजुरी आणि औषधपाणी मिळून तीन हजार रुपये धरू. म्हणजे पंचाहत्तर हजार वाचले. लसीचा सर्व खर्च धरून माणशी दीड हजार रुपये पडले, तर हजार माणसांचे पंधरा लाख होतात. वाचलेले पैसे वजा जाता सव्वाचौदा लाख रुपये निव्वळ खर्च.

एवढ्या खर्चात जीव किती वाचले? निरोगी माणसांत आजारी पडलेल्या पाच हजारांमागे एक दगावतो असे धरले, तर पंचवीस आजार टळल्याने एका मृत्यूचा दोनशेवा भाग टळला. एक जीव वाचवायला साडेअठ्ठावीस कोटी रुपये लागले! त्या माणसाला आणखी वीस वर्षे लाभली असे मानले, तरी आयुष्याच्या एकेका वर्षाला एक कोटी चाळीस लाखांच्या वर किंमत पडली. केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाने २०१७ पासून अशा मूल्यमापनाची जी यंत्रणा उभी केली आहे, तिची ढोबळ कसोटी अशी की, निरोगी आयुष्याचे एक वर्ष देशाच्या दरडोई उत्पन्नाइतक्या खर्चात मिळत असेल तर तो उपाय किफायतशीर मानावा. ते उत्पन्न आज दोन-सव्वादोन लाखांच्या घरात आहे. एक कोटी चाळीस लाख कुठे आणि सव्वादोन लाख कुठे!

याच पाटीवर आता दोनच आकडे बदलून पाहू. पहिला आकडा धोक्याचा. हजारच्या हजार माणसे मधुमेही आहेत आणि त्यांच्यात आजारी पडलेल्या हजारांमागे एक दगावतो असे धरा. त्याच दीड हजारांच्या लसीने आयुष्याचे एक वर्ष साडेअठ्ठावीस लाखांना पडते. अजूनही महाग. दुसरा आकडा किमतीचा. सर्व खर्च धरून लस दोनशे रुपयांत पडली, तर मधुमेह्यांसाठी तेच वर्ष अडीच लाखांवर येते. त्यांच्यातील आजारी पडलेल्या पन्नासांमागे एकाला इस्पितळात राहावे लागते आणि त्याचे लाखभर रुपये जातात, हेही जमेस धरले तर आकडा दीड लाखावर येतो, म्हणजे कसोटीच्या आत. दोनशे रुपयांच्या लसीनेही निरोगी माणसांसाठी मात्र तो साडेबारा लाखांच्या खाली जात नाही. गृहीतके कोणी थोडी इकडेतिकडे केली तर आकडे हलतील. पण लस कोणाला आणि कितीला, या दोन गोष्टींवरच सगळा हिशेब उभा आहे, हे हलणार नाही.

इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. माणसाच्या आयुष्याला अशी किंमत लावणे आपल्या संस्काराला रुचत नाही. परंतु किंमत न लावल्याने खर्च थांबत नाही. तो फक्त दिसेनासा होतो आणि ज्याचा आवाज कमी, त्याच्या माथी बसतो. मुळशीकरांना हे निराळे सांगायला नको. १९२१ मध्ये टाटा कंपनीच्या धरणासाठी या खोऱ्यातील गावे बुडवायची ठरली, तेव्हाही एक हिशेब मांडलेला होता. मुंबईच्या गिरण्यांना मिळणारी वीज त्यात होती. पाण्याखाली जाणारी भाताची खाचरे, देवळे आणि घरे त्यात नव्हती. पांडुरंग महादेव बापट ज्या सत्याग्रहातून 'सेनापती' झाले, तो सत्याग्रह जमिनीसाठी होता, तसाच या अपुऱ्या हिशेबाविरुद्धही होता. लसीच्या बाबतीतही हिशेब कोणाच्या वहीत मांडला जातो, याला महत्त्व आहे. सरकारच्या वहीत लसीचा खर्च दिसतो. आवणीच्या दिवसांत बुडालेली मजुरी, इस्पितळासाठी गहाण पडलेले दागिने, वडील गेल्यावर शाळा सोडलेला मुलगा हे त्या वहीत येत नाही. वरच्या गणितात आम्ही मजुरी धरली ती यासाठीच. शाळा सोडलेला मुलगा आम्हांलाही धरता आलेला नाही.

धोका वयावर ठरवायचा की आजारावर, या प्रश्नाला भारतात आणखी एक धार आहे. पाश्चात्त्य माणसाच्या अंगावर जी दुखणी साठीनंतर चढतात, ती आपल्याकडे चाळिशीतच वस्तीला येतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले की, भारतीय माणूस बारीक दिसला तरी त्याच्या अंगात चरबीचे प्रमाण अधिक असते आणि त्याची मुळे जन्मापूर्वीच्या पोषणात असतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशात दहा कोटींवर मधुमेही आहेत आणि प्रौढांतील सुमारे ३५ टक्क्यांना उच्च रक्तदाब आहे. पिरंगुटच्या कारखान्यातला पंचेचाळीस वर्षांचा मधुमेही कामगार इंग्लंडच्या यादीत ठेवला तर तो 'धोक्याच्या गटात' बसेल आणि त्याला लस मोफत मिळेल. आपल्याकडे केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत आरोग्य कर्मचारी, गरोदर स्त्रिया, दीर्घ आजारांचे रुग्ण यांच्यासाठी या लसीची शिफारस आहे. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात मात्र तिला स्थान नाही. महाराष्ट्राने २०१५ च्या साथीनंतर गरोदर स्त्रिया आणि मधुमेह-रक्तदाबाचे रुग्ण यांना ती मोफत देण्याचा निर्णय घेतला, हे या राज्याला भूषणावह आहे. पण साथीच्या धास्तीत सुरू झालेली गोष्ट धास्ती ओसरली की मागे पडते. गावातल्या किती मधुमेह्यांना ही सोय माहीत आहे, हे कोणत्याही वाडीवर विचारून पाहावे.

आजारावर रेषा आखण्यात एक अडचण आहे आणि तिच्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. वय दाखल्यावर लिहिलेले असते, आजार लिहिलेला नसतो. अमेरिकेने २००० साली मर्यादा ५० वर आणली, तेव्हा त्यामागे हेच कारण होते. त्या वयोगटातील जवळपास चौथा भाग किंवा त्याहून अधिक लोक धोक्याच्या गटात मोडत होते, पण त्यांना शोधून, समजावून लस देणे जमत नव्हते. सगळ्यांनाच द्या म्हणणे सोपे होते. आपल्याकडे तर आपल्याला मधुमेह आहे हेच ठाऊक नसलेले असंख्य लोक आहेत. मग आपणही सोपी वाट धरावी काय? आमचे मत नाही असे आहे, आणि त्याला कारण आहे. शोधण्याची यंत्रणा आपल्याकडे कागदावर तरी उभी आहे. तीस वर्षांवरील प्रत्येकाची माहिती आशा सेविकेने ठरलेल्या अर्जात भरायची, उपकेंद्रावर रक्तदाब आणि साखर तपासायची, हा असंसर्गजन्य आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रमच आहे. लसीचे शिबिर आणि ही तपासणी एकाच मांडवाखाली आणली तर एका खर्चात दोन कामे होतील. दारात साखर तपासा, आत लस टोचा. लसीच्या निमित्ताने ज्याचा मधुमेह उघड झाला आणि उपचार सुरू झाले, त्याचा लाभ लसीच्या लाभाहून मोठा असेल. अशा शिबिरात येणाऱ्या निरोगी माणसाला 'तुम्हांला सरकारी लसीची गरज नाही, हवी असल्यास स्वखर्चाने घ्या' असे सांगण्याचे धैर्यही दाखवावे लागेल.

असा फरक आपल्याकडे पूर्वी केलेला आहे. १ मार्च २०२१ पासून कोविडची लस साठीवरील सर्वांना आणि ४५ ते ५९ वयाच्या फक्त सहव्याधी असलेल्यांना खुली झाली होती. त्या सहव्याधींची यादीही सरकारने जाहीर केली होती. पुढे महिन्याभरातच ती ४५ वरील सर्वांना खुली झाली, कारण साथ अंगावर आली होती. दरवर्षीच्या फ्लूला तशी घाई नाही. तेव्हा ती यादी पुन्हा काढून तिच्यावर शांतपणे काम करता येईल.

किमतीचेही उदाहरण त्याच काळातले आणि पुण्यातलेच आहे. हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटची कोव्हिशील्ड लस केंद्र सरकारने सुरुवातीला दोनशे रुपयांना घेतली. खाजगी इस्पितळांत तिची कमाल किंमत २०२१ च्या जूनपासून ७८० रुपये ठरवली गेली. एकरकमी, हमीची मागणी असली की किंमत किती उतरते याचा हा ताजा दाखला. याच संस्थेने २०१० मध्ये स्वाइन फ्लूवर नाकात फवारण्याची लस बाजारात आणली होती. म्हणजे कसब आपल्या दारात आहे. कमतरता आहे ती ठाम मागणी नोंदवणाऱ्या ग्राहकाची. शिवाय एक अनुकूल गोष्ट आपोआप घडली आहे. फ्लूच्या बी विषाणूची 'यामागाता' ही शाखा मार्च २०२० नंतर जगात कोठेही खात्रीने आढळलेली नाही. त्यामुळे चार विषाणूंऐवजी तिघांचीच लस पुरेशी आहे, असे जागतिक आरोग्य संघटना २०२३ पासून सांगत आहे. चार घटकांच्या लसीसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण आता उरलेले नाही.

काही वाचक विचारतील की, पैसा मर्यादित आहे तर मध्यमवयीन रुग्णांनंतर पुढची पाळी कोणाची? निरोगी चाळिशीकरांची नव्हे, असेच उत्तर द्यावे लागते. जपानने १९६२ पासून तीन दशके शाळकरी मुलांना फ्लूची लस दिली आणि १९९४ मध्ये ती थांबवली. मुलांना लस मिळत होती त्या काळात तेथील वृद्धांचे मृत्यू घटले होते आणि थांबल्यावर ते पुन्हा वाढले, असे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. त्या निष्कर्षावर पुढे वादही झाले. पण शाळेतून विषाणू घरी येतो आणि आजीच्या मांडीवर बसतो, हे एकत्र कुटुंबात राहणाऱ्या आपल्याला पटायला जड जाऊ नये.

एक शब्द आपल्याच घरांविषयी. पावसाळा आला की तुळशीचा, गवती चहाचा काढा उकळतो; तो उकळावाच. घसा शेकला जातो, जिवाला बरे वाटते. परंतु 'आपण काढा घेतो, आपल्याला लसीची गरज काय' असे साखरेच्या गोळ्या घेणारा पन्नाशीचा गृहस्थ म्हणू लागला, तर ती परंपरेची निष्ठा नव्हे. काढ्याने फ्लू टळतो असे कोठेही सिद्ध झालेले नाही. ज्यांच्या शब्दाला गावात वजन आहे अशा कार्यकर्त्यांनी याबाबत तोंड चुकवू नये. तसेच ज्या सुखवस्तू कुटुंबाला लसीचे पैसे परवडतात, त्याने सरकारी मोफत मात्रेसाठी रांगेत उभे राहू नये; ती मात्रा कातकरी वाडीवरच्या क्षयाने खंगलेल्या माणसाच्या वाट्याची आहे.

पुणे जिल्ह्यात याचा आरंभ करायचा तर मुळशीसारखा तालुका शोधून सापडणार नाही. एका टोकाला संगणकनगरी, मध्ये पिरंगुटचा कारखान्यांचा पट्टा, दुसऱ्या टोकाला ताम्हिणीच्या तोंडाशी धो-धो पावसात तुटणाऱ्या वाड्या. शहर, कामगारवस्ती आणि दुर्गम डोंगर असे तिन्ही नमुने एकाच तालुका आरोग्य अधिकाऱ्याच्या कक्षेत आहेत. नमुने तपासणारी राष्ट्रीय संस्था पुण्यात आहे. शिरूर तालुक्यातील वढू येथे केईएमच्या संशोधन केंद्राला घरोघरच्या नोंदी ठेवण्याचा आणि त्यांवरून फ्लूचा भार मोजण्याचा वर्षांचा अनुभव आहे. हिंजवडीच्या कंपन्यांनी सामाजिक उत्तरदायित्वाच्या निधीतून पहिल्या तीन वर्षांची लस उचलली, तर जिल्हा परिषदेवर भारही पडणार नाही. तीन पावसाळ्यांत लस दिलेल्या मधुमेह्यांतील किती जण इस्पितळात गेले, किती मजुरी बुडाली, हे मोजले की वर आम्ही गृहीत धरलेल्या आकड्यांच्या जागी खरे आकडे बसवता येतील. ते आकडे आमच्या मताविरुद्ध गेले, तर योजना बंद करावी.

वेळापत्रक मात्र निसर्ग आणि विषाणू ठरवतात. दक्षिण गोलार्धासाठीच्या लसीत कोणते विषाणू असावेत, हे जागतिक आरोग्य संघटना दर सप्टेंबरात जाहीर करते आणि आपल्या पावसाळ्याला तीच लस सोयीची. ती एप्रिलमध्ये पौडच्या शीतपेटीत यायची असेल, तर मागणी दिवाळीच्या सुमारास नोंदवलेली असली पाहिजे. आणि मागणीचा आकडा सांगायचा, तर त्याआधी प्रत्येक उपकेंद्राची मधुमेह-रक्तदाबाच्या रुग्णांची यादी नावानिशी पुरी व्हायला हवी. आवणी उरकली की श्रावणात माणसे घरी सापडतात. आशा सेविकांनी आणि त्यांच्या सोबतीला गावातल्या तरुणांनी याद्या घेऊन फिरायचे ते दिवस आहेत.